चहाच्या आधीच्या ट्रेमधलेच कण का सुटतात?

काचेपलीकडे
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी इंजेक्शनच्या एका कारखान्यात व्हिज्युअल इन्स्पेक्शनचा हॉल बघते. भरून सील केलेली प्रत्येक व्हायल (औषधाची छोटी काचेची बाटली) आत कण तर नाही ना म्हणून माणसाने डोळ्यांनी तपासायची, एवढंच काम. समोर अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी, वर ट्यूब, व्हायलपाशी उजेड किमान २००० लक्स. व्हायल मानेला धरायची, हलकेच फिरवायची, उलटी करायची. ५ सेकंद काळ्यासमोर, ५ सेकंद पांढऱ्यासमोर. पांढरा तंतू काळ्यावर दिसतो, काळा ठिपका पांढऱ्यावर. बुडबुडा वर जातो, कण गोल फिरत खाली उतरतो. जोरात हलवलीत तर नुसता फेस, मग बसा वाट बघत. शिकवायला दोन दिवस पुरतात, नजर बसायला सहा महिने जातात.

गेल्या महिन्यात क्यूएने (गुणवत्ता तपासणारा विभाग) सॅम्पलमध्ये काचेचा एक कण पकडला. अख्खी बॅच पुन्हा तपासायला लागली. ट्रेवरची चिठ्ठी बघितली तर नाव आमच्या सगळ्यात जुन्या मावशींचं. बारा वर्षं याच बूथवर आहेत, नव्या मुलींना त्याच शिकवतात. वेळ पावणेअकरा. त्यांना मेमो गेला: ‘कामात हलगर्जीपणा, ४८ तासांत लेखी खुलासा करावा.’ मावशी मला म्हणाल्या, "ताई, मी बघितली होती ती व्हायल. बघितली नव्हती असं कसं लिहू?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. मागची रजिस्टरं काढून बसले. सकाळी नऊला सगळ्या बसतात, दहाला दहा मिनिटं डोळ्यांना विश्रांती, अकराला चहा. मला वाटलं होतं सुटलेले कण जेवणानंतरच्या सुस्तीतले असतील. तसं नाही. साडेनऊ ते दहा, दहा चाळीस ते अकरा, दुपारीही तसंच. बसल्यापासून पहिला अर्धा तास जवळजवळ स्वच्छ आणि गडबड पुढच्या अर्ध्या तासात. दहापैकी आठ वेळा तरी. वेगवेगळ्या बायका, वेगवेगळे बूथ.

हे नक्की काय आहे? कुणाला अनुभव असेल, अभ्यास असेल तर सांगा. खुलासा मावशींच्या वतीने मलाच लिहायचा आहे.

टवाळ_कार्टं
मोबाईल आत नेऊ देता का? रील्स बंद करा, कण दिसतील.

काचेपलीकडे
आत जाताना गाऊन, टोपी, हातमोजे. मोबाईल लॉकरमध्ये. हॉलमध्ये गाणीसुद्धा नाहीत.

रोखठोक
कटू वाटेल, पण बोलतो. बघायचाच पगार आहे ना? मग बघा. आमचे वडील गिरणीत ताण्यावर आठ तास उभे राहायचे, तुटलेला धागा सुटला तर मुकादम सोडायचा नाही. हल्ली प्रत्येक गोष्टीला मानसशास्त्र लावायची फॅशन आहे.

घाटमाथा
रोखठोक साहेब, पगार मीही घेतला, तीस वर्षं. लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. ताईंच्या मावशी काय म्हणाल्या ते मला लगेच कळलं.

कसाऱ्याहून इगतपुरीला घाट चढताना माझं लक्ष कधी हललं नाही. तिथे हाताला काम असतं, कानाला काम असतं. मनमाड सुटलं की भुसावळपर्यंत सरळ रूळ, हिरव्यामागून हिरवा. तिथे भीती. झोप नव्हे बरं का. झोप वेगळी, ती रात्री दोन ते पाचच्या मधली, तिची चाहूल तरी लागते. हे भरदिवसा व्हायचं. डोळे उघडे, सिग्नल गेला, तोंडाने ‘ग्रीन’ म्हटलेलं, आणि दोन किलोमीटर पुढे गेल्यावर छातीत धस्स: आत्ताचा खरंच हिरवा होता ना?

इंजिनात यासाठी व्हीसीडी नावाचं यंत्र असतं. साधारण ६० सेकंदांत तुम्ही ना हॉर्न वाजवला, ना ब्रेक-थ्रॉटलला हात लावला, तर दिवा लुकलुकतो. ८ सेकंदांत दाद दिली नाही तर आणखी ८ सेकंद बझर. तरी हालचाल नाही, तर गाडीला ब्रेक लागून ती उभी. कल्पना उत्तम. पण खरं सांगू? काही महिन्यांनी हात आपोआप बटणावर जातो. डोकं भलतीकडे आणि अंगठा ड्युटीवर. यंत्राला वाटतं माणूस जागा आहे.

त्यापेक्षा मला उपयोग झाला तो सिग्नल हात करून मोठ्याने पुकारण्याचा. असिस्टंटही पुकारतो. एकाने ‘डबल यलो’ म्हटलं आणि दुसऱ्याचं ‘डबल यलो’ आलं नाही, की दोघंही खडबडून सावध.

मचाण
आमी शेतकरी माणूस, लई शिकलेलो न्हाई, पर राखणीतलं कळतंय. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसायचं गोफण घेऊन. पाखरं दर दोन मिंटाला येत्यात. माणूस दमतो, घसा बसतो, पर चुकत न्हाई. तिथं पोरगंबी चालतं.

रानडुकराची राखण निराळी. ते चार रात्रीतनं एकदा येतंय. पयल्या रात्री समदे कान टवकारून. तिसऱ्या रात्री पाला खुसपुसला तरी आपण म्हणतो, वारा आसंल. आन् सकाळी बघावं तर भुईमूग उकरलेला. मी जागाच होतो की! आवाज कानावर आलता, मीच त्याला वारा ठरीवला.

लंबक
मचाण दादा, तुम्ही दोन परिच्छेदांत जे सांगितलंत ते मला वर्गात शिकवायला तीन तास लागतात. मी मानसशास्त्र शिकवते आणि हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

काचेपलीकडे, तुमच्या रजिस्टरमध्ये जे दिसतंय ते अगदी जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमानं समुद्रावर जर्मन पाणबुड्या शोधत घिरट्या घालायची. रडारच्या पडद्यावर पाणबुडी म्हणजे एक अंधूक ठिपका, आणि तोही बहुतेक वेळा नसायचाच. एका माणसाला पडद्यासमोर किती वेळ बसवावं, हा प्रश्न केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थपुढे आला. त्याने एक विचित्र घड्याळ केलं. कोरी पांढरी तबकडी, आकडे नाहीत, एकच काळा काटा. दर सेकंदाला एक उडी, शंभर उड्यांत एक फेरी. अधूनमधून काटा दुप्पट उडी मारायचा. ती दिसली की खटका दाबायचा. बस, असं दोन तास. दुप्पट उड्या अर्ध्या तासात फक्त १२.

निष्कर्ष १९४८ साली छापले गेले. पहिल्या अर्ध्या तासात साधारण १५ टक्के उड्या सुटल्या. दुसऱ्या अर्ध्या तासात पंचवीसच्या वर. आणि गंमत पुढे आहे: तिसऱ्या-चौथ्या अर्ध्या तासात आणखी फार घसरण नाही, जराशीच. म्हणजे लक्ष मेणबत्तीसारखं हळूहळू जळत संपत नाही. अर्ध्या तासाच्या आसपास पायरी उतरावी तसं खाली येतं आणि तिथेच रेंगाळतं. बसलेली मुलं तरणीताठी, सैन्यातली, दिवसा जागी. आणि रोखठोक, मोबाईल तर सोडाच, तेव्हा साहेबाच्या देशातही घरोघरी टीव्ही नव्हता.

रोखठोक
बरं, मान्य. पण याचा अर्थ कंटाळा आला एवढाच ना? कंटाळ्याला औषध शिस्त.

लंबक
बरीच वर्षं शास्त्रज्ञही हेच म्हणत होते: काम कमी, म्हणून मेंदू पेंगतो. मॅकवर्थच्याच काही गोष्टी या बाजूच्या. मध्येच फोन करून ‘जरा आणखी चांगलं करा’ एवढं सांगितलं, की माणूस पुन्हा पहिल्यासारखा. बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाची गोळी दिली तर घसरण नाही. (ताई, हे खुलाशात लिहू नका.) अर्धा तास काम, अर्धा तास सुट्टी असं केलं तरी घसरण नाही. आणि प्रत्येक वेळी ‘बरोबर’, ‘सुटली’ असं लगेच सांगत गेलं, तरी लक्ष टिकलं.

पण नंतर दुसरी बाजू पुढे आली. जोएल वॉर्म, राजा परशुरामन आणि जेराल्ड मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये तोवरचं काम एकत्र मांडलं. अशा कामावरून उठलेल्या माणसाला विचारलं तर तो ‘निवांत होतो’ म्हणत नाही, ‘पिळून निघालो’ म्हणतो. मोजमापातही ताण भरपूर दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला बाई नुसती बसलेली दिसते, आत मात्र दर दहा सेकंदांनी एक निर्णय चाललेला असतो. तिसरे म्हणतात की मन भटकतं, मोठा भाग त्याचाच. माझं मत विचाराल तर ही भांडणं थोडी हत्ती आणि आंधळ्यांची आहेत. पण ‘शिस्त नाही’ हे उत्तर यातल्या एकाही बाजूचं नाही.

आता दादांचं डुक्कर. ते इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे. सुटणं दोन प्रकारचं असतं. एक, खरंच दिसेनासं होतं. दोन, दिसतं पण ‘हो’ म्हणायची पातळी वर सरकते. कण क्वचितच येतो हे मेंदूला कळलेलं असतं, मग शंका आली की तो म्हणतो, बुडबुडा असेल. वारा असेल. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गर्दीच्या चित्रांतून वस्तू शोधायला लावल्या. निम्म्या चित्रांत वस्तू होती तेव्हा ७ टक्के सुटल्या. शंभरात एकाच चित्रात होती तेव्हा ३० टक्के. तेच डोळे, तीच वस्तू, फक्त दुर्मीळ केली.

यातलं तुमच्याकडे कोणतं चाललंय, हे घरच्या घरी तपासता येईल. चांगली असून चुकून रिजेक्ट केलेल्या व्हायल मोजता ना? पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्या तासाच्या वेगळ्या काढा. कण सुटतायत आणि खोटी रिजेक्शनंही तेवढीच आहेत, तर बघणंच मंदावलंय. कण सुटतायत आणि खोटी रिजेक्शनंही कमी झालीत, तर पातळी सरकलीय.

पळीपंचपात्र
थोडं अवांतर. लग्नात भटजी घटिकापात्रावर नजर ठेवून बसायचे. भोकाची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटं. लंबकताईंच्या अर्ध्या तासाच्या आतच काम फत्ते!

उलट पहारा हा शब्द प्रहरावरून आला, आणि प्रहर तीन तासांचा. म्हणजे पहारेकऱ्याला शेवटचे अडीच तास देवच राखायचा. म्हणून असेल, तो मध्ये मध्ये हाळी द्यायचा. ‘आलबेल’ हा शब्द तर चक्क इंग्रजी पहारेकऱ्यांच्या ‘ऑल वेल’ या हाळीवरून आपल्याकडे आला.

घाटमाथा
हे आवडलं. पण आलबेलचंही आमच्या बटणासारखंच. जीभ आपोआप म्हणते. पुकारायचं तर जे दिसलं ते पुकारावं लागतं, ‘सगळं ठीक’ नाही. पिवळा तर पिवळा.

भूलभुलैया
भूलतज्ज्ञ आहे, नावावरून कळलं असेलच. आमच्या कामाला कुणीतरी म्हणून ठेवलंय: तासन्‌तास कंटाळा आणि मध्ये काही क्षणांची पाचावर धारण. सर्जन चार तास हाताने काम करत असतो. आम्ही बघत असतो.

आम्हाला वाचवतो तो कान. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा प्रत्येक ठोक्याला ‘टिक’ आवाज येतो आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या आवाजाची पट्टी उतरते. मी औषधाची नोंद करत असलो, नर्सशी बोलत असलो, तरी सूर पडला की मान आपोआप वर. डोळ्याला सतत बघायला लावणं हाच मुळात अन्याय आहे. ताई, तुमच्या कणाला आवाज नाही, हे दुर्दैव.

आवाज जास्त झाले की तेही कामातून जातात म्हणा. आयसीयूत इतके अलार्म वाजतात की खरा कोणता ते कळेपर्यंत चहा गार होतो.

काचेपलीकडे
सगळ्यांचे आभार. लंबक, तुम्ही सांगितलंत तसं रिजेक्टचे डबे अर्ध्या अर्ध्या तासाचे वेगळे ठेवले, आठवडाभर. खोटी रिजेक्शनं दुसऱ्या अर्ध्या तासात सरळ कमी! मी आजवर याला ‘हात बसला’ म्हणायचे. तासाच्या शेवटी ट्रे पटापट पुढे सरकतात, रिजेक्शन कमी, प्रॉडक्शनवाले खूष. म्हणजे मचाण दादांचा वारा आमच्याकडेही वाहतोय.

हवाईचप्पल
विमानतळावर बॅगांच्या एक्स-रेला यावर तोडगा आहे. पडद्यावर अधूनमधून खोटी पिस्तूल, खोटा चाकू यांची प्रतिमा खऱ्या बॅगेच्या चित्रावर टाकतात. स्क्रीनरने पकडलं की लगेच कळतं, ही परीक्षा होती. सुटलं तरी कळतं. म्हणजे दुर्मीळ गोष्ट तेवढी दुर्मीळ राहत नाही आणि निकालही हातोहात. शिवाय युरोपातल्या नियमात सलग २० मिनिटांहून जास्त वेळ पडदा बघायला बसवत नाहीत, त्यानंतर किमान १० मिनिटं प्रतिमा बघायच्या नाहीत. तुम्हीही माहीत असलेल्या खराब व्हायल मध्ये मध्ये घाला की.

काचेपलीकडे
हेच घेऊन क्यूएकडे गेले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, चांगल्या बॅचमध्ये तुम्ही मुद्दाम काचेची व्हायल घालणार? आणि ती सुटली तर?" बरोबरच आहे. विमानतळावर पिस्तूल नुसतं चित्रातलं असतं. माझी व्हायल खरी, ती सुटली तर थेट कुणाच्या तरी शिरेत.

त्यामुळे बॅच चालू असताना नाही. दोन बॅचच्या मध्ये, लाइन क्लिअरन्सनंतर (आधीच्या बॅचचं सगळं उचलून झाल्यावर), ट्रेनिंग किटचा, म्हणजे माहीत असलेल्या खराब व्हायल मिसळलेला, एक ट्रे फिरवायला परवानगी मिळाली. मोजून द्यायचा, मोजून घ्यायचा. अर्धवट उपाय आहे, मला ठाऊक आहे.

टवाळ_कार्टं
मशीन घ्या ना सरळ. कॅमेरा लावा. कॅमेऱ्याला चहा लागत नाही.

मचाण
आमी झटका मशीन बसीवलं डुकरासाठी. रातभर टक टक करतंय. आता आमी निवांत झोपतो. पर तारंला गवत टेकलं की करंट उतरतो, आन् ते बघायला कोन? मशीनची राखण करायला पुन्यांदा मानूसच लागतोय, आन् त्यो तर झोपलाय.

लंबक
दादा, तुम्ही माझी नोकरी घालवणार. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश बाईंनी १९८३ मध्ये नेमकं हेच लिहिलं: यंत्र आणलं की माणसाकडे उरतं ते यंत्रावर नजर ठेवण्याचं काम, आणि नेमकं तेच माणसाला अर्ध्या तासाहून जास्त जमत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीखाली रस्ता ओलांडणारी एक बाई गेली. गाडीत देखरेखीला माणूस बसवलेला होता. नजर फोनवर होती. दोष त्या व्यक्तीचा होताच, पण अमेरिकेच्या तपास यंत्रणेने कंपनीच्या देखरेखीच्या पद्धतीवरही बोट ठेवलं.

रोखठोक
टायटॅनिकवरही टेहळणीला माणसं होती की. ती काय झोपली होती?

लंबक
नाही. फ्रेडरिक फ्लीट आणि रेजिनाल्ड ली रात्री दहाला वर चढले होते, हिमनग दिसला ११.४० ला. पाळी दोन तासांची. उगाच सगळं खापर यावर फोडणार नाही, चंद्र नव्हता, समुद्र तव्यासारखा शांत होता. पण मॅकवर्थच्या घड्याळासमोरची मुलंही दोनच तास बसायची, आणि ती तर उबदार खोलीत.

रोखठोक
हं. गिरणीबद्दल आईला विचारलं. म्हणाली, ताण्यावर धागे सतत तुटायचे, दर थोड्या वेळाने गाठ मारायला लागायची. म्हणजे पाखरंच होती, डुक्कर नव्हतं. माझा मुद्दा जरा ढिला पडला हे कबूल.

काचेपलीकडे
शेवटचं अपडेट, मग धागा वर काढणार नाही.

मेमोचा खुलासा मी लिहिला, मावशींनी सही केली, सोबत अर्ध्या तासाचे तक्ते जोडले. मेमो फाइलमध्येच आहे, मागे घेतलेला नाही, पण पुढची कारवाई थांबलीय. आता २० मिनिटं बूथ, मग ट्रे मोजणं, चिठ्ठ्या लावणं, पुन्हा बूथ. प्रॉडक्शनवाल्यांचं तोंड वाकडं आहे. आणि खरं सांगायचं तर सगळ्या बायकाही खूष नाहीत. दोघी म्हणतात, जरा लय लागते तोवर उठवता. मावशींचं म्हणणं, "लय लागते तेव्हाच सुटतं गं बायांनो." त्या स्वतः पूर्वीपासून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असतात, मला वाटायचं नामस्मरण. परवा विचारलं. म्हणाल्या, "कसलं नामस्मरण? काळ्यावर काय, पांढऱ्यावर काय, ते मनाशी बोलते. त्या दिवशी घसा बसला होता, बोलले नाही."

मग काल मीच बसले. किटचा ट्रे घेतला, मावशींना शेजारी बसवलं, ४० मिनिटं लावली. पहिल्या वीस मिनिटांत तीन धरले, एकदम खूष. नंतर नंतर पाटीच्या कडेवरचा एक ओरखडा दिसायला लागला, मग ट्यूबची गुणगुण, मग घरी गॅस बंद केला का. व्हायल मात्र फिरवत होते, पाच आणि पाच. ट्रे संपला. मावशींनी ‘पास’ केलेल्यांतून एक उचलली, काळ्यासमोर धरून एकदाच फिरवली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. कण गोल फिरत सावकाश खाली येत होता.

मी ती बघितली होती. आठवतंय मला. बुडबुडा म्हटलं होतं.

टवाळ_कार्टं
मग मेमो कोणी कोणाला दिला?

काचेपलीकडे
माझा मलाच. अजून ४६ तास आहेत.